भिंतीबाहेरचं मारवेल

अब्बा,

माझ्या घरासमोर मी मारवेलचं गवत लावलं आहे. अमरावतीच्या या कॉलनीत आम्ही राहायला आलो तेव्हा तिथे आधीच्या मालकाची लॉन होती, बारीक पात्यांची, शोभेची. तिला रोज पाणी लागायचं आणि आमच्या नळाला रोज पाणी येत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात ती पिवळी पडली, मग काळी माती उघडी पडून तिला भेगा गेल्या. तुमचे जावई म्हणाले, फरशी टाकून घेऊ. तुम्ही त्यांना पाहिलं नाही. सरळ माणूस आहे, शाळेत गणित शिकवतात, आवाज चढवून बोलणं त्यांना सहसा जमत नाही. मी म्हटलं, पावसाळ्यापर्यंत थांबा. मी तिवशाच्या दवाखान्यात नर्स आहे, रोज एसटीने जाते-येते. वाटेत एका शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, मला ते गवत खिडकीतून दिसायचं. पावसाळा लागल्यावर एक दिवस तिथे उतरले, शेतकऱ्याला विचारून मुळासकट ठोंब काढले, ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि पुढच्या बसमध्ये पायाशी ठेवून घरी आणले. कंडक्टर म्हणाला, "सिस्टर, हे कायचं औषध होय?" मला हसू आलं.

लावलं तुमच्यासारखंच. ओळीने, वीतभर अंतर सोडून, दोन कांड्या मातीत आणि एक वर. मोरीचं पाणी आणि नमाजाआधीच्या वजूचं पाणी एका नळीने तिकडे वळवलं. पहिले काही दिवस ते मेल्यासारखं दिसलं, मग कांड्यांना धुमारे फुटले, आणि पुढच्या पावसाळ्यात ते गुडघ्याला आलं. वर जांभळट तुरे, कांड्यांभोवती पांढऱ्या केसांचं कडं. उन्हाळ्यात सुकून पेंढ्याच्या रंगाचं होतं, पण मुळाशी हिरवं राहतं. कॉलनीतले लोक थांबून विचारतात, पाण्याशिवाय हे जगतं कसं? मी मोठ्या ऐटीत सांगते. सांगताना तुमचंच वाक्य तोंडात येतं. मी लहानपणी प्यायच्या पाण्याची बादली ठोंबांवर ओतली होती, तेव्हा तुम्ही रागावला होतात. घरात आपण उर्दूच बोलायचो, पण राग आला की तुमची भाषा बदलायची. "काहून टाकलं पानी? वरतंच पानी भेटलं तं मूळ खाली कायले जाईन?" मग रिकामी बादली माझ्या हातातून घेऊन तुम्ही स्वतः नळावर जाऊन उभे राहिलात.

पण तुम्ही ते गवत का लावलंत, हे मी कुणालाच सांगत नाही.

अकोल्यात तेव्हा तुमच्या टांग्यात शाळेची मुलं असायची. त्या वर्षांत खेड्यांतून लोकांनी जवारी पेरणं सोडत आणलं होतं, जिकडेतिकडे सोयाबीन. कडबा महाग झाला, मग मिळेनासाच झाला. सोयाबीनच्या मळणीचं कुटार घोडी नुसती हुंगायची आणि तोंड फिरवायची. तिच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या. मी चौथीत आहे. शाळा सुटली आहे, टांग्यात आम्ही सगळ्या मुली दाटीवाटीने बसलो आहोत, आणि तुम्ही वाटेत एका मोठ्या बंगल्याच्या मागे टांगा उभा करता. भिंतीच्या बाहेर, नालीच्या काठाने, गवत माजलेलं आहे. तुम्ही विळा घेऊन उतरता. एक पेंढी बांधून होते, दुसरी होत येते, तेवढ्यात मागचं फाटक उघडून एक माणूस बाहेर येतो. पांढरे कपडे, हातात वर्तमानपत्र. तो ओरडत नाही, शांतपणे विचारतो, "कोणाला विचारलं?" तुम्ही म्हणता, "साहेब, भिताडाच्या बाहेर होतं म्हून कापलं. जनावर उपाशी हाय." तो म्हणतो, "बरं. आता जसं कापलंस तसं परत लाव."

मला वाटलं तो गंमत करतो आहे. टांग्यातल्या दोघी-तिघी हसल्यासुद्धा. पण तो वर्तमानपत्राची घडी काखेत धरून उभाच राहिला. मग तुम्ही पेंढी सोडलीत. खाली बसलात आणि एकेक मूठ गवत त्या कापलेल्या खुंटांवर उभं करून ठेवू लागलात. ते उभं राहत नव्हतं. पडलं की तुम्ही पुन्हा उचलून टेकवत होतात. टांग्यात कुणी हसेना. घोडी मान वळवून गवताकडे बघत होती. कितीतरी वेळाने तो माणूस "समजलं ना?" म्हणाला आणि आत गेला. तुम्ही हात झटकलेत, टांग्यावर चढलात, आणि रोजच्यासारखं एकेका मुलीला तिच्या दारात उतरवलंत. मला मागे वळून एकदाही पाहिलं नाहीत. मी तुमच्या पाठीकडे बघत होते. सदरा घामाने चिकटला होता.

घरी अम्मी चुलीपाशी होती. तिने विचारलं, "घास नहीं लाए?" तुम्ही म्हणालात, "मिला नहीं." माझ्याकडे बघितलंत, तेव्हाच पहिल्यांदा. मी समोरच्या ताटलीवर मान खाली घातली. त्यावर आपण कधीच बोललो नाही, तुम्ही गेलात तोवर नाही. पण पावसाळ्यात तुम्ही कुठूनतरी मारवेलचे ठोंब आणलेत आणि न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर, दारासमोरच्या हातभर रुंद पट्ट्यात लावलेत. त्या पट्ट्याने घोडीचं पोट काही भरायचं नाही. तरी ते तुम्ही रोज थोडं कापायचात आणि तोबऱ्यात वर घालायचात, जेवणावर लोणचं वाढावं तसं. शेजारची खाला बकरीसाठी मागायला आली की म्हणायचात, "काप ना, विचारतं काय? फक्त चार बोटं खालचं ठेव." पुढे मुलं ऑटोने जाऊ लागली. घोडी हिवरखेडच्या एका माणसाने वरातीसाठी नेली. तिला नेलं त्या दिवशीही तुम्ही ते गवत कापलंत आणि खालाच्या बकरीला टाकलंत.

हे सगळं आता लिहायचं कारण गेल्या महिन्यात घडलं.

आमचं मारवेल भिंतीखालून बाहेर पसरलं आहे. रस्त्याच्या कडेला, नालीपर्यंत. एक दिवस ड्यूटीवरून आले तर कोपऱ्यावरूनच फाटकापाशी माणसं दिसली. मला वाटलं कुणी पडलं. जवळ गेले तर एक बाई भिंतीला टेकून उभी होती, पदर तोंडावर ओढलेला, पायाशी सुटलेला भारा. तुमच्या जावयांच्या एका हातात तिचा विळा होता, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि ते तिचा व्हिडिओ काढत होते. 'चोर' म्हणून कॉलनीच्या ग्रुपवर टाकायला. "चेहरा दाखव," म्हणत होते. वर्गात फळ्यावर बोलवावं त्याच आवाजात. बाई पदराआडून एवढंच म्हणत होती, "म्या चोरी नाई केली सर. भाहीरचं हाय म्हून कापलं. बकऱ्या हायेत मायाजोळ."

आजूबाजूला चार ओळखीचे लोक उभे होते, मला बघून वाट देत होते, जणू आता खरी मालकीण आली. मी पुढे गेले आणि म्हटलं, "विळा द्या तिचा." ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, ओठ हलले, पण म्हणाले नाहीत. त्यांनी विळा तिला दिला, मोबाइल खिशात टाकला. मी भारा बांधायला खाली वाकले तोवर ती बाई विळा घेऊन निघूनही गेली होती. भारा तिथेच.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. ताजं गवत कापून स्कूटरवर बांधलं आणि नाल्यापलीकडच्या वस्तीत विचारत विचारत तिचं घर शोधून काढलं. ती दारात भांडी घासत होती. मला पाहून उठली नाही. मी म्हटलं, "गवत आणलंय." ती म्हणाली, "ठुवा तथी." मी ठेवलं. बकऱ्या लगेच तुटून पडल्या. मी तिला म्हटलं, तुम्ही कधीही या, विचारायचीही गरज नाही, चार बोटं ठेवून कापत जा. तिने हातातलं पातेलं पालथं घातलं. "तुमचा मानूस काई वाईट नाई, बाई. रागात होते. पन माही पोरगी कोपऱ्यावर उभी होती. तिनं पाह्यलं ना सगळं." मग तिने आत बघून हाक मारली, "ये वो, पानी दे बाईले." आतून कुणी आलं नाही. मी म्हटलं, राहू द्या. उतरणीवर स्कूटर चालू होईना. ढकलत आणली.

ती पुन्हा आली नाही. मीही गेले नाही. भिंतीबाहेरचं गवत आता वाढून आडवं पडलं आहे, बी धरलं आहे. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की साप निघतील, कापून टाका. मी कापत नाही आणि कुणाला कापूही देत नाही. त्या संध्याकाळी सगळ्यांसमोर मी तुमच्या जावयांना खाली पाहायला लावलं, आणि त्यांनी ते मुकाट सोसलं. लोकांना वाटतं मी फार मोठं मन दाखवलं. शेजारीण तर म्हणाली, तुमचे वडील गरीब होते ना, म्हणून तुम्हाला कळतं.

अब्बा, त्या दिवशी त्यांच्या ओठांवर काय आलं होतं ते मला माहीत आहे. आदल्या दिवशी सकाळी खुंट दिसले होते, अगदी मुळालगत कापलेले, आणि डबा भरता भरता मीच त्यांना म्हटलं होतं, कुणीतरी चोर रोज आपलं गवत नेतंय, तुम्ही घरी असलात तर पकडा जरा. 'चोर' हा शब्द त्यांचा नव्हता.