स्वच्छ हवेने बुडवलेली लाँड्री

आदरणीय भाऊसाहेब यांना,

आपल्या एकुलत्या एका बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (पूर्वी नुसता नमस्कार लिहायचो, पण हल्ली वाकायला वेळ भरपूर आहे.) आपली प्रकृती, वहिनींचे गुडघे आणि बस खात्याच्या मुख्य कचेरीतली आपली खुर्ची, तिन्ही ठणठणीत असतील अशी आशा आहे. इकडे तुमची बहीण ठीक आहे. दुकानाची तब्येत मात्र तोळामासा.

आमची लाँड्री तुमच्या खात्याच्या डेपोसमोरच आहे, हे तुम्हाला सांगायला नको. डिझेलच्या बसगाड्या सकाळी सुरू करून तशाच घरघरत ठेवायची तुमच्या ड्रायव्हरांना सवय. (गाडी गरम व्हावी लागते म्हणे. आम्ही इस्त्रीसुद्धा इतका वेळ तापवत नाही.) तो सगळा धूर थेट गच्चीवरच्या आमच्या दोऱ्यांवर. पांढरी चादर वाळेपर्यंत करडी व्हायची आणि गिऱ्हाईक विचारायचं, धुतलीत की नुसतीच घडी घातलीत? त्यात तुमच्या बहिणीचा खोकला. ती उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायची, डॉक्टर औषधं बदलायचे आणि मी हात चोळत बसायचो. फार जीव तुटायचा हो. शेवटी रस्त्यावरच्या दुकानदारांनी धूरविरोधी समिती काढली आणि आवाज मोठा म्हणून मला अध्यक्ष केलं.

आधी तुमच्या लोकांनी तेलबियांपासून काढलेलं इंधन आणलं. धूर कमी झाला, पण सगळ्या रस्त्याला तळणीचा वास सुटला. आमच्याकडून गेलेल्या वकीलसाहेबांच्या कोटामुळे न्यायाधीशांना भर कोर्टात भूक लागली, अशी तक्रार आली. (त्या दिवशी वर्षानुवर्षं रखडलेला निकाल जेवणाच्या सुट्टीआधी लागला, हे वकीलसाहेब सांगत नाहीत.) मग मी जाहीर सभेत अर्धी पांढरी, अर्धी काळी चादर फडकवली. टाळ्या पडल्या, पेपरात फोटो आला आणि बॅटरीवरच्या बसगाड्या आल्या. त्या इतक्या गुपचूप येतात की लोक थांब्यावर गप्पा मारत राहतात आणि बस निघून जाते.

आणि भाऊसाहेब, तिथून आमच्या धंद्याचं वाटोळं झालं. मला वाटत होतं, धूर फक्त आमच्या दोरीवर बसतो. तो साऱ्या गावाच्या कॉलरवर बसत होता आणि त्या कॉलरींवर आमचं घर चालत होतं, हे अध्यक्षांच्या डोक्यातच आलं नाही! बँकेतले साहेब रोज शर्ट टाकायचे, ते आता कालचाच झटकून घालतात. शाळेतले मास्तर रस्ता ओलांडून माझं अभिनंदन करायला येतात, पण येताना हात रिकामे. आमचा इस्त्रीवाला दिवसभर माश्या मारतो. मी आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला आणि वर टाळ्याही घेतल्या. असंच चाललं तर दुकानाला कुलूप लागेल, हे मी थट्टेने लिहीत नाही.

असो. घरातल्या मोठ्यांना माझा नमस्कार सांगावा आणि लहानांचे गाल ओढावेत.

आपला,
समितीचा अध्यक्ष (राजीनाम्याच्या विचारात)

ता. क. : पत्राला खास कारण असं काही नाही. फक्त त्या जुन्या डिझेलच्या गाड्या शेडमध्ये पडून आहेत, असं कळलं. त्यातली एखादी, चांगली धूर सोडणारी, आपल्या अधिकारात आमच्या रस्त्यावरून सकाळ-संध्याकाळ फिरवता येईल का? प्रवासी घेतले नाहीत तरी चालेल.

आणखी एक ता. क. : समितीला कळू देऊ नये. कळलं तर मोर्चा मलाच काढावा लागेल.

तिसरा ता. क. (हे अक्षर माझं आहे) : दादा, पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडेच दिलं. दुकान बसलंय ते खरं, आणि यांना झोप नाही तेही खरं. पण मी आता आडवी झोपते रे. काल गच्चीवर चादरी वाळत घालताना गाणं म्हणत होते, न खोकता, पुरं. हे इस्त्री हातात धरून जिन्यात उभे राहून ऐकत होते. ते लिहायला मात्र विसरलेले दिसतात. दुकानाचं आम्ही दोघं काहीतरी बघू. तू गाडी पाठवू नकोस. पाठवलीसच, तर तिच्यात एकच प्रवासी बसेल, आणि ती बॅगेसकट तुझ्या दारात उतरेल.