भावाला बहीण नाही

दि. १४ मार्च

चि. पिट्यास,

आशीर्वाद. पन्नाशी उलटलेल्या माणसाला पिट्या म्हणू नये हे कळतं, पण हाताला दुसरं वळण नाही. हे पत्र मी आपणहून लिहीत नाही. बाहेरच्यांना इथे राहायचा परवाना देणाऱ्या कार्यालयाने लिहायला लावलं आहे. तीस दिवसांत तुझा सहीचा जबाब पोचला नाही तर तुझी फाइल बंद होईल. आणि ऑगस्टमध्ये तुझ्या लेकीला एकवीस वर्षं पूर्ण झाली की ती तुझ्या फाइलमधून बाहेर, त्यापुढची मुलं बापाच्या अर्जात धरत नाहीत.

आम्ही बरे आहोत. माझा गुडघा कुरकुरतो.

आधी एक गोष्ट डोक्यात घाल. तू वकिलातीत चार खेपा घातल्यास आणि दारावरच्या शिपायाशी भांडलास, असं तुझी बायको फोनवर म्हणाली. अरे, फाइल तिथे नाहीच! बहिणीने भावासाठी केलेला अर्ज तपासतं ते इथलं परवाना कार्यालय. त्यांनी होकार दिला की मग वकिलात तुला मुलाखतीला बोलावून व्हिसा देणार. पुढे विमानतळावर सीमा खातं. हातात व्हिसा असला तरी आत घ्यायचं की आल्या पावली परत धाडायचं, ते त्यांनी ठरवायचं. मुदत संपूनही राहिलेल्यांना हुडकून बाहेर काढणारं खातं आणखी वेगळं. माणसाला हे सगळे एकमेकांच्या दारी पिटाळतात, कागद मात्र एकमेकांना बरोबर दाखवतात.

तिथेच तू अडकलास.

मंगळवारी खिडकीपलीकडच्या अधिकारी बाईने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "मॅडम, तुम्ही म्हणता तुम्हाला भाऊ आहे. पण भावाला बहीण नाही."

चौदा वर्षांपूर्वी यंत्रांच्या प्रदर्शनासाठी तू भरलेला व्हिसाचा फॉर्म. वकिलातीने जपून ठेवलेला. 'या देशात सख्खे नातेवाईक: नाहीत.' अक्षर तुझंच, एकही खाडाखोड नाही. शेजारी सीमा खात्याच्या तारखा: आलास, सहा दिवस राहिलास, गेलास. ते सभागृह माझ्या घरापासून बसने चाळीस मिनिटांवर आहे, शहाण्या.

"विसरला असेल," मी म्हटलं.

"सख्ख्या बहिणीला?"

तिच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं.

खोटी माहिती दिली म्हणून कायमची बंदी येऊ शकते. ती टाळायची तर असं का लिहिलं, त्याचं खरं कारण लेखी द्यावं लागतं. तुला जे कारण माहीत आहे तेच खरं नाही, म्हणून एवढा खटाटोप.

तू तो फॉर्म भरलास त्याच्या आधी आई गेली, तेव्हा रजा मिळाली नाही म्हणून आले नाही, असं मी तुला सांगितलं. रजा मिळाली होती. माझा स्वतःचा परवाना तेव्हा विचाराधीन होता, आणि मधेच देश सोडला तर अर्जच सोडला असं धरतात. निकडीसाठी वेगळी परवानगी असते, त्याला डॉक्टरांचं पत्र लागतं. आई दवाखान्यात असताना ते तू एका दिवसात मिळवून कुरियरने पाठवलंस. ते घेऊन मी याच कार्यालयात तीन तास बाकावर बसले. शेजारची बाई म्हणाली, "परवानगी देतात हो, पण परतताना दार सीमा खात्याच्या हातात. माझ्या दिराला आत घेतलं नाही." माझा नंबर पुकारला. दोनदा पुकारला. मी उठले नाही. घरी जाऊन कपडे वाळत घातले. चौथ्या दिवशी आई गेली.

कोणी अडवलं नव्हतं मला. तू जीव तोडून आणलेलं पत्र मी खिडकीपर्यंत नेलंच नाही.

'तिच्या उपकारावर मला कुठे जायचं नाही,' असं तू म्हणतोस, हेही कानावर आलं. नागरिकत्व मिळालं त्याच आठवड्यात मी तुझा अर्ज भरला. उपकार करण्याच्या जागी मी कधीच नव्हते.

जबाबात काय लिहायचं ते तू ठरव. शाळेत तुझे सगळे निबंध मी लिहून दिले, हा मसुदा देणार नाही. यायचं नसेल तर तसं कळव, पण लेकीला विचारून. आणि काळ्या शाईने लिही, निळी चालत नाही.

तुझी बहीण (मी तरी तसं लिहून दिलं आहे),
ताई

पाकिटात: जबाबाचा कोरा फॉर्म, दोन प्रती. डॉक्टरांचं पत्र, मूळ. त्या दिवशीचं माझं टोकन, क्रमांक ६२. आणि हे पत्र. याची झेरॉक्स काढलेली नाही, कुठल्याही कार्यालयात दिलेली नाही.