एकतीस रुमालांचे वाचन

॥ श्री ॥

तिरुवैयारु,
ता. ४ ऑगस्ट १९३६

चिरंजीव बाळकृष्ण यास अक्काचे अनेक आशीर्वाद. वसुमती आणि लेक अंबा खुशाल असतील. हे पत्र तू ज्यांच्याकडून वाचून घेत आहेस त्या तुळजाजीमामांनाही नमस्कार. मामा, तुमच्या चष्म्याला झेपेल असे मोठे, सुटे अक्षर काढले आहे. मध्येच कोणी पुरे म्हणाले तर ऐकू नका, शेवटपर्यंत वाचा.

बाळू, मोडी पाहून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. मला बाळबोध लिहिता येते हे तुला ठाऊक आहे, तरी मुद्दाम मोडीत लिहिले. ज्याला कॉलेजने मोडी कागदांच्या संशोधनासाठी वृत्ती दिली, त्याला बहिणीचे पत्र वाचायला दुसरा माणूस लागेल अशी शंका पोस्टमनलासुद्धा येणार नाही.

इथे माझे बरे चालले आहे. नणंदेच्या घरी राहायला जाणार म्हटल्यावर वसुमती म्हणाली होती की अक्का चार दिवसांत परत येतील. नागलक्ष्मीला माझ्यासारखेच विधवापण आले आहे, त्यामुळे एकमेकींना समजावत बसावे लागत नाही. परवा आडी अठरा, नदीच्या पुराचा सण, झाला. कावेरी पायऱ्यांपर्यंत चढली आहे. आम्ही चित्रान्न घेऊन घाटावर गेलो आणि मी दोनदा वाढून घेतले. तुझ्या घरी मला भूक कमी आहे असे सगळे म्हणत, मलाही ते खरे वाटत असे.

तुझे पत्र पोचले. अंबेला करमत नाही, वसुमतीची कंबर धरते, तुळशीला वेळेवर पाणी पडत नाही, तेव्हा अक्काने परत यावे, असे तीन पाने लिहिलेस. मग अगदी शेवटी, जाता जाता, की निधीने दुसऱ्या वर्षीही वृत्ती मंजूर केली, जुने कागद बांधलेले उरलेले तेवीस रुमाल हाती घ्यायचे आहेत, आणि छापील पुस्तकाच्या पंधरा प्रती तू स्वतः सही करून पुण्याला, बडोद्याला पाठवल्या. ते तेवीस रुमाल वाचणार कोण, हे तीन पानांत कुठेच नाही. तुळशीला पाणी कोण घालणार ते मात्र आहे.

प्रती रवाना झाल्या हे कळेपर्यंत मी थांबले होते. आता लिहायला हरकत नाही.

चौदाव्या वर्षी मी कुंकू पुसून माहेरी आले तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. आपले अप्पा तंजावुरच्या राजवाड्याच्या दफ्तरात लेखनिक होते आणि त्यांचे डोळे जात चालले होते. तुला त्यांनी मिशनच्या शाळेत घातले, कारण पुढे इंग्रजीला भाव येणार होता. मला मोडी शिकवली, कारण त्यांना कागद वाचून दाखवणारे कोणीतरी हवे होते. सहा महिन्यांत मी वाचू लागले. तू मोठा झाल्यावर अप्पा तुलाही शिकवू पाहत. तू म्हणायचास, हे कारकुनी काम. ते मी विसरले नाही.

तू इतिहासाचा अध्यापक झालास, मला अभिमान वाटला. मग त्या दिवंगत मिरासदारांच्या नावाने कॉलेजात अध्यापकांसाठी निधी निघाला. दर वर्षी एकाला निम्मे तास माफ, लेखनिकाचा खर्च, वर अखेरीला शाल. तू अप्पांच्या हाताखालच्या एकतीस रुमालांसाठी अर्ज केलास. दफ्तराचे शिपाई म्हणून मामांनी सकाळी एकेक रुमाल घरी आणायचा, मी उलगडून वाचायचे, तू इंग्रजीत लिहून घ्यायचे आणि संध्याकाळी मामांनी तो परत न्यायचा. वर्षात आठ रुमाल झाले. माझी बोटे त्या धुळीने फुटली, पण खरे सांगते, ते वर्ष मला आवडले. रोज सकाळी मी मामांची वाट पाहायची.

पाचव्या रुमालात सर्वांत वर अप्पांच्या हातचा एक कागद निघाला, आठवते? दफ्तर सोडताना, दिसत नसले तरी मुरलेल्या हाताने लिहून, त्यांनी तो बांधून ठेवला होता. मी तुला वाचून दाखवला. "या एकतीस रुमालांचे वाचन व यादी चिरंजीव कनकलता हिने केली. आमचे डोळे गेल्यामुळे आम्ही फक्त ऐकले." मला पुढे वाचवेना. अप्पांनी सरकारी रुमालात माझे नाव घातले आहे हे मला तोवर माहीतच नव्हते. तू पेन्सिलीला टोक काढत होतास. म्हणालास, "अक्का, हा काही इतिहास नव्हे. पुढचा घे."

मी पुढचा घेतला.

पुस्तकाचा मजकूर छापायला निघाला तेव्हा मी एकच मागणे केले, प्रस्तावनेत माझे नाव असावे. तू म्हणालास बघू. त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी भर दुपारी, अंबेने मला तुझी इंग्रजी प्रस्तावना वाचून तिचा अर्थ सांगितला. प्रिन्सिपलसाहेबांचे आभार. मिरासदारांच्या चिरंजीवांचे आभार. तुझ्या उशिरा घरी येण्याने त्रासलेल्या वसुमतीचे आभार. कॉलेजात तुला काफी आणून देणाऱ्या माणसाचेसुद्धा आभार, आणि पुढे, "सर्व मूळ कागद मी एकट्याने वाचले." अंबा वाचता वाचता थांबली आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागली. तुला विचारले तर तू म्हणालास, "घरातल्या बाईने कागद वाचले म्हटले तर समिती हसेल, अक्का. आणि लेखनिक म्हणून मी प्राणेशचे नाव दिले आहे." प्राणेश म्हणजे वसुमतीचा भाऊ. त्याने मोडीचा कागद डोळ्यांनी पाहिला असेल तर तो दुकानातल्या पुडीचा.

मला राग आला. साधा राग नव्हे, पोटात निखारा ठेवल्यासारखा. तो अजून विझलेला नाही आणि विझवायची मला घाई नाही.

निधीची अट होती की वर्षअखेरीला मूळ कागद समितीपुढे वाचून दाखवायचा. तू कालव्याच्या दुरुस्तीचा कागद निवडलास. मी तो तुला वाचून दाखवला, तू बाळबोधीत उतरवलास आणि आठ दिवस तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, येरझारा घालत पाठ केलास. अंबेलाही तो पाठ झाला. शेवटच्या दिवशी सकाळी मूळ कागद रेशमी फडक्यात गुंडाळून मी तुझ्या हातात दिला.

तो कालव्याचा नव्हता. आता कोणता होता ते मी सांगायला नको. मामा, घोटभर पाणी प्या.

मला वाटले होते, कागद उघडताच तुला कळेल आणि तू अडखळशील. अप्पांचे अक्षर तरी ओळखशील. निदान समितीतले कोणी तरी पुढे होऊन पाहील. दिवेलागणीला रुमाल न्यायला मामा आले आणि मागच्या दारी उभे राहून म्हणाले, "अक्का, फडके मीच सोडून दिले. कागद होता थोरल्यांचा आणि बाळकृष्णराव कालवा म्हणत गेले. बोट ओळीवर फिरवत होते की. साहेबांनी टाळी वाजवली, शाल घातली. मी दाराशी उभा. मी काय बोलूं? माझी नोकरी आहे." मी ताक घुसळत होते. रवी बाजूला ठेवून पुष्कळ वेळ रडले. तिथे इतकी शिकलेली माणसे बसली होती आणि मला एकही साक्षीदार मिळाला नाही.

पण मग मामांनी दुसरी गोष्ट सांगितली. समिती इतकी खूश झाली की तू वाचलेल्या कागदाचे छायाचित्र पुस्तकाच्या पहिल्याच पानावर घालायचे ठरले. फोटोवाला दुसऱ्या दिवशी यायचा होता. हे ऐकले आणि माझे रडे थांबले. मग मला हसू आले, ते आवरेना. मामा घाबरून निघून गेले.

पुस्तक आले तेव्हा मी पाहिले. छायाचित्र फार सुरेख निघाले आहे, अप्पांच्या अक्षरातले एकेक वळण स्पष्ट. खाली इंग्रजीत काय छापले आहे ते अंबेने सांगितले. कालव्याच्या दुरुस्तीचा कागद, लेखकाने समितीपुढे स्वतः वाचलेला. तंजावुरात ते कोणाला कळणार नाही. पण पुण्यात मोडी वाचणारी माणसे गल्लोगल्ली आहेत, बडोद्यातही असतील. तुझी सही उलटली की पुढच्याच पानावर त्यांना अप्पा भेटतील. प्रती परत मागवायच्या तर मागव. मात्र कारण लिहावे लागेल, आणि ते तुझ्याच हस्ताक्षरात.

मामा गेल्या महिन्यात नोकरीतून मोकळे झाले. आता त्यांना कोणाची भीती नाही. हे पत्र वाचून ते राजवाड्याच्या गल्लीतून घरी जातील, वाटेत चार ओटे लागतात आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही. म्हणून तर वाचायला ते मिळावेत असे अक्षर काढले.

मी परत येणार नाही. पण बाळू, निधीने पुन्हा वर्षभर तुझे निम्मे तास माफ केले आहेत. मला शिकायला सहा महिने लागले, तुला वर्ष पुरेल. शनिवारी दुपारची बस इथे येते. पाटी घेऊन ये. मी तिण्णैवर बसवून शिकवते, अगदी अ आ पासून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. अप्पांचे डोळे गेले होते म्हणून त्यांना ऐकावे लागले. तुझे डोळे चांगले आहेत.

वसुमतीला सांग, कमरेला तिळाचे तेल कोमट करून लावावे. अंबेस आशीर्वाद.

लेखन आणि वाचन,

कनकलता