मुख्य चालक : श्री. डी. टॉरडॉफ

२ मार्च, रविवार
चॅपलमधून आल्यावर ठरवून टाकलं. या आठवड्यात विमा कंपनीला कळवायचं की हे गेले. खरं तर नोव्हेंबरातच कळवायचं, पण तेव्हा घरात माणसांची ये-जा होती. विमा ३१ मार्चला संपतो. नवा फॉर्म आलाय.
गाडी विकायची. मला तिचा लळा नाही. आमची चांगली चालती फोर्ड सिएरा ह्यांनी खोलली, तिचं इंजिन, ॲक्सल आणि स्टिअरिंग काढून घेतलं आणि त्यावर फायबरग्लासची बॉडी चढवून १९३५ सालासारखी दिसणारी दोन सीटची गाडी उभी केली. सहा वर्षं लागली. सहा वर्षं मी बिंगलीचा बाजार बसने केला.

४ मार्च, मंगळवार, सकाळी १०.२०
फोन केला. लॉरेन नावाची मुलगी होती. गाडी किती सालची, विचारलं. म्हटलं, इंजिन एकोणनव्वदचं, बॉडी सत्त्याण्णवची, दिसते पस्तीसची. म्हणाली, "अहो मिसेस टॉरडॉफ, माझ्या फॉर्मात जागा एकाच सालापुरती आहे."
मग म्हणाली, पॉलिसी साहेबांच्या नावावर आहे, त्यांनाच द्या ना फोन. मी म्हटलं, हे आत्ता घरात नाहीत. यात खोटं काही नाही. "बरं, आले की फॉर्मवर सही घ्या त्यांची." हो म्हटलं. उद्या नक्की सांगते.
आज लेंटच्या उपासांआधीचा पॅनकेकचा दिवस. सवयीने दोघांचं पीठ भिजवलं. वाया जाऊ नये म्हणून सगळे मीच खाल्ले.

६ मार्च, गुरुवार
आजपासून लेंट पाळणार. साखर बंद. फोन उद्या.
दुपारी चॅपलच्या महिला सभेहून आले आणि फॉर्मसाठी चेसिस नंबर बघायला गॅरेजात गेले. बॉनेटवर हात टेकला तर गरम. ऊन लागलं असेल. (गॅरेजला खिडकी नाही.) सीटही मागे सरकलेली, ह्यांच्या पायांना लागते तेवढी. झाडताना मी ती पुढे ओढली होती असं वाटतं. खात्री नाही.

९ मार्च, रविवार
साखर चालू. अशक्तपणा वाटतो.
गाडी बांधतानाचे फोटो पाठवायचेत. फोटो असले तरच तिची किंमत आधी ठरवून देतात. नाहीतर काही झालं तर जुन्या सिएराचा भाव, म्हणजे भंगाराचा. चौदा फोटो सापडले. सगळ्यांत हे. एकात गाडीखालून आलेले नुसते बूट, एकात कोपर, एकात दाराच्या काचेत कॅमेरा धरलेले हात. लॉरेन म्हणाली होती, फोटोत फक्त गाडी हवी, माणूस नको. कात्री घेऊन बसले. कात्रीला धार नव्हती. धार लावून आणायला हवी.

१३ मार्च, गुरुवार
सोमवारी सीट पुढे ओढून तसं वहीत लिहून ठेवलं होतं. मीटरचा आकडाही. आज सीट मागे. बॉनेट गरम. मीटरवर तीन मैल जास्त.
आमच्या पंथात भुतंखेतं मानत नाहीत. मीही मानत नाही. चॅपलच्या मिनिस्टरबाईंना सहज विचारलं, ओळखीतल्या एका बाईची गोष्ट म्हणून. त्या म्हणाल्या, "ॲव्हरिल, तू वेळेवर जेवतेस ना?"
जेवते की.

२० मार्च, गुरुवार
आज घरी थांबून काय ते बघायचं ठरवलं होतं. पण सभेत चहाची पाळी माझी. पुढच्या गुरुवारचीही माझीच. मागून घेतली.
चार मैल. गॅरेजात पेट्रोलचा वास. थोडा वेळ तिथेच उभी राहिले, दार उघडं टाकलं तर वास जाईल म्हणून बंद ठेवलं.

२२ मार्च, शनिवार
फॉर्म भरला. 'वाहन सध्या मुख्यतः कोण चालवतं?' मी जे डोळ्यांनी बघितलं त्यावरून प्रामाणिकपणे लिहिलं : डेस्मंड टॉरडॉफ. कंपनीला कळवण्यासारखं आता काही राहिलं नाही.
सहीची जागा रिकामी ठेवली. दुसऱ्याची सही करणं पाप आहे.

२६ मार्च, बुधवार
फॉर्म गाडीच्या स्टिअरिंगवर ठेवला. शेजारी पेन. घरात हरवतो म्हणून.

२७ मार्च, गुरुवार
परत आले तर गॅरेजचं दार उघडं. दारात शेजारचे ग्लेडहिल, टोपी हातात. गाडीचा डावा मडगार्ड फाटकाच्या खांबाला घासून चिरलेला. फॉर्म शेजारच्या सीटवर. सही नव्हती.
म्हणाले, "मीच गं. दर गुरुवारी मीच. डेस्मंडने इस्पितळात कबूल करून घेतलं होतं माझ्याकडून, आठवड्यातून एकदा इंजिन फिरव म्हणून."
मला का नाही सांगितलं?
"तो म्हणाला, तिला सांगू नकोस, थेंब थेंब पेट्रोल मोजत बसेल."
पेट्रोल कोण भरतं? तर म्हणाले, मी.
आणि खांब? तर फॉर्मकडे बोट केलं. "तो कागद वाचला आणि तसाच गाडी मागे घेत होतो. लक्ष राहिलं नाही." मग टोपी घातली, परत काढली. "ॲव्हरिल, अगं, आता तरी सुटी दे त्याला."
मी म्हटलं, बूट पुसून आत या, चहा टाकते. चहा होईपर्यंत ते गेले होते.

२८ मार्च, शुक्रवार, सकाळी ९.०५
फोन केला. लॉरेनच होती. म्हणाली, साहेब आले का? म्हटलं, नाही. ते गेले. ती म्हणाली, मग परत कधी करू? तेव्हा नीट सांगावं लागलं. पंधरा नोव्हेंबर, संध्याकाळच्या चहाच्या वेळी.
तिने तारीख लिहून घेतली. मग हळूच म्हणाली, "मग चालवणार कोण आता?"
कोणी नाही. मला येत नाही.
म्हणाली, मग उभ्या गाडीचा विमा काढू तुमच्या नावाने, चोरी आणि आगीपुरता. मडगार्डचं काही मिळायचं नाही. फोटो आहेत तसेच पाठवा, कापू नका, मी सांगते वर.
तिला वाईट वाटू नये म्हणून मी म्हटलं, मी ठीक आहे. मी ठीकच आहे.

३ एप्रिल, गुरुवार
सभेला गेले नाही. पाळी दुसरीची होती.
दुपारच्या टपालाने पॉलिसी आली. काही चुकलं असेल तर सात दिवसांत कळवा, असं वर लिहिलंय. चूक काढायच्या तयारीनेच बसले. नाव बरोबर. पत्ता बरोबर. वाहन : सिएरापासून बांधलेली प्रतिकृती, बरोबर. चालक : नाही. व्यवसाय : गृहिणी. त्याखाली वैवाहिक स्थिती : विधवा. हा शब्द मी लॉरेनला सांगितला नव्हता. तिनेच टाकला.
दोनदा वाचलं. चूक सापडली नाही.