काट्याखालची पाटी

मी, एझरा रूबेन झिराडकर, वय पंचाहत्तर, मूळ झिराड, तालुका अलिबाग, हल्ली मुक्काम न्युरेम्बर्ग, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोकं तापलेलं आहे, पण ठिकाणावर आहे. नोटरी बाई म्हणाल्या की स्वतःच्या हाताने लिहून सही केली की पुरे, या देशात साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात. दोन माणसांनी पाहिल्याशिवाय आमच्याकडे कशालाच काही अर्थ नसतो.

१. राहतं घर मुलगी मालिनी हिला. बँकेतली शिल्लक मालिनी आणि मुलगा डानिएल यांना निम्मी-निम्मी. याबाबत भांडण नाही, म्हणून जास्त शाई खर्च करत नाही.

२. माझी कानस, हातोडा आणि लोहचुंबक माझ्या भंगाराच्या आवारातल्या नव्या कामगारांना. पितळ म्हणून मुलामा दिलेलं लोखंड घेऊ नये, एवढं तरी शिकावं.

३. माझा दफनविधी इथल्या ज्यू दफनभूमीत, माझी बायको रुथ हिच्या शेजारी. माझी आई शनिवारी शब्बाथ पाळून चूल पेटवत नसे, तरी मी ज्यू असल्याचा कागद इथल्या मंडळींनी माझ्याकडे मागितला. उलट महाराष्ट्र मंडळात श्रीरंगने विचारलं, "ज्यू? मग मराठी इतकं चांगलं कसं?" दोन्हीकडे खुलासे देऊन माझा जीव विटला. दफनानंतर मलिदा करावा: गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. केक आणू नये.

४. आता भंगाराचं आवार. ते माझं म्हणण्याआधी माझे सासरे झीगमुंड उल्मान यांचं होतं आणि त्याआधी त्यांच्या वडिलांचं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी, नाझींच्या राज्यात, ते त्यांच्याकडून मातीमोल भावात बळकावलं गेलं. घेणारा त्यांचाच कारकून. झीगमुंड इंग्लंडला निसटले, आईवडील निसटले नाहीत. युद्ध संपल्यावर झीगमुंड परत आले तेव्हा फाटकावर कारकुनाचं नाव होतं. कोर्टकचेऱ्या करून आवार सोडवलं, तर आत एक वाकडा वजनकाटा तेवढा शिल्लक. तो सरळ करायला उचलला, तेव्हा एका पायाखाली टेकू म्हणून पितळी पत्रा सापडला. पालथा होता. उलटून पाहिला तर त्यांच्या वडिलांची पाटी: उल्मान आणि पुत्र.

ती त्यांनी फाटकावर लावली आणि पडक्या घरांतले नळ, बंब, कढया गोळा करून धंदा पुन्हा उभा केला. नियम एकच: नाव कोरलेली वस्तू भट्टीकडे जाणार नाही. मी चौऱ्याहत्तर साली इथे काम शिकायला, उमेदवारीला आलो तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. तरी पहिल्याच आठवड्यात नाव घातलेला एक तांब्याचा हंडा मी बाजूला काढला. त्यांनी कारण विचारलं. आई म्हणायची, नावाचं भांडं मोडीत घालू नये, माणूस जातं त्याबरोबर, असं मी मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. त्यांनी हंडा उचलून फळीवर ठेवला. मग मला घरी जेवायला नेलं, आणि तिथे रुथ होती.

ते फळीवरचे हंडे, दिवे, कप अजून आहेत. त्या वस्तूंचे मालक कधी कधी येतात, त्यांची नातवंडं येतात.

५. डानिएल गेली दोन वर्षं बिल्डरला घेऊन येतो. जागेवर फ्लॅट होणार. फळीकडे बघून म्हणाला, "पापा, दास इस्ट दोख नूर श्रॉट." म्हणजे भंगारच आहे. भंगाराच्या धंद्यावर शिकलेल्या मुलाने हे म्हणावं, याचा मला अजून राग आहे. मालिनी म्हणते दोघांचंही बरोबर आहे. तिचा मला जास्त राग आहे.

६. हे मराठीत का, तर मुलांना मराठी समजतं, वाचता येत नाही. आयुष्यभर मी मराठीत बोललो आणि यांनी जर्मनमध्ये उत्तरं दिली. कामाचं तेवढं ऐकून उठून गेली. आता आमच्या आवाराचा व्यवस्थापक विनय हे मोठ्याने वाचेल आणि यांना शेवटपर्यंत बसावं लागेल. विनयला मुद्दाम काही ठेवलेलं नाही. वाचणाऱ्याचा हिस्सा असला की वाचन ढिलं पडतं.

विनय, आता थांब. फाटकावरची पाटी काढून दोघांपुढे ठेव आणि विचार, ही मोडीत घालायची का. दोघांचं मिळून एकच उत्तर, मराठीत घे. एक शब्द पुरे.

"नाही" म्हणाले तर पाटी परत लाव आणि आवार चालव, मालकी दोघांची. "हो" म्हणाले तर जमीन खुशाल विका, मी वरून अडवायला येणार नाही. फळीवरच्या वस्तू ज्यू संग्रहालयाला द्या. पण पाटी डानिएलने स्वतःच्या हाताने ढिगावर टाकावी, आणि टाकताना नाव वर ठेवावं. त्या कारकुनाने ती पालथी घातली होती. नाव वाचायची त्याला निदान लाज वाटत होती.

न्युरेम्बर्ग, ११ नोव्हेंबर २०२४
सही: एझरा रूबेन झिराडकर

आमच्यासमोर लिहिलं, वाचून दाखवलं, मग सही केली:
१. श्रीरंग पाध्ये (कलम ३ मधला मीच. चूक मान्य.)
२. मुक्ता केळुसकर, शेजारीण