बसलेल्या माणसाचा कोट

४ फेब्रुवारी, बुधवार

तारीख पक्की. वीस फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी अकरा. अर्जावर युक्तिवाद भाची स्वतः करणार. बातमी तिनेच फोनवर दिली. आनंदाच्या भरात ती काहीही बोलते, म्हणून तिच्या सिनियर वकिलांनाही फोन लावला. ते म्हणाले, ‘‘हो, तीच बोलणार. मी मागे बसून घड्याळ बघणार.’’ दोन ठिकाणांहून खात्री झाली, आता लिहायला हरकत नाही. छत्तीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, तरी सवय जात नाही.

दुसरी बातमी लगेच मागोमाग. ‘‘मामा, कोट तू शिवायचास.’’

म्हटलं, ‘‘मी आजवर चार लेंगे आणि एक शर्ट शिवलाय. शर्टाची कॉलर तू पाहिलीस.’’

‘‘पाहिली. म्हणूनच म्हणते, बदनामी व्हायची ती होऊन गेलीय. आता घाबरायचं काय?’’

सोळा दिवस.

५ फेब्रुवारी, गुरुवार

का, ते लिहून ठेवतो.

भाची नऊ वर्षांची असल्यापासून व्हीलचेअर वापरते. ‘गाडी’ म्हणते तिला. काळ्या कोटाशिवाय कोर्टात तोंड उघडता येत नाही, आणि बाजारातले सगळे कोट उभ्या माणसाचे. ती बसली की कोट पुढून पोटावर फुगतो, मागून पाठीखाली गोळा होतो, कॉलर कानाला टेकते. कोपऱ्यावरच्या टेलरमास्तरांनी दोनदा शिवून दिला. दोन्ही वेळा उत्तर एकच — ‘‘कोट बरोबर आहे. मॅडमनी जरा ताठ बसावं.’’

गेल्या महिन्यात ती पहिल्यांदा कोर्टात बोलायला गेली ती त्यातलाच एक कोट घालून. पुढे सरकताना बाही चाकात अडकली. शिपाई धावला, कारकून धावला. न्यायाधीश म्हणाले, ‘‘सावकाश, बाळ. घाई नाही.’’ तिने मागितलेली मुदत त्यांनी एकही प्रश्न न विचारता देऊन टाकली. समोरच्या वकिलांनीही हरकत घेतली नाही!

ताई — माझी थोरली बहीण, भाचीची आई — खूश. ‘‘पहिल्याच दिवशी हवं ते मिळालं!’’ भाची मात्र दोन दिवस धुमसत होती. मग माझ्याकडे आली. ‘‘मामा, माझं कुणी ऐकलंच नाही रे. सगळे कोटाकडे बघत होते. कीव आली म्हणून मुदत दिली.’’

हे असं आहे. कोट असा बसला पाहिजे की तो कुणाच्या लक्षातच येता कामा नये.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पॅटर्न सापडला! खुर्चीत बसणाऱ्यांसाठीच कपडे बेतणारी एक बाई आहे, कुठेतरी दूर. स्वतःही खुर्चीतच असते. फाइल उतरवून घ्यायची, छापायची, कागद एकमेकांना चिकटवायचे, कापायचे आणि कापडावर ठेवायचे. पाठ आखूड, पुढची बाजू त्याहून आखूड, बाही मनगटाशी अरुंद. बघूनच पटलं.

सेहेचाळीस पानं. पहिली चार नुसता मजकूर. बाईंचं मनोगत, कोट कसा सुचला, कुणाकुणाचे आभार. ती कापली. बेचाळीसच छापायला दिली. मनोगतं कापण्यात हयात गेली, कुणाचं काही अडलं नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

पहिल्या कागदावर एक चौकोन असतो. तो बरोबर पाच सेंटिमीटरचा आला, तर छपाई बरोबर. आला चार पूर्णांक आठ.

झेरॉक्सवाला म्हणाला, ‘‘काका, दोन मिलिमीटरनं काय बिघडतंय?’’

‘‘छातीपाशी चार सेंटिमीटर बिघडतात.’’

त्याने पुन्हा पाहिलं. मशीनने सगळं ‘पानात मावेल असं’ लहान करून दिलं होतं. परत छापलं. चौकोन मोजून मगच निघालो. प्रूफ न तपासता पान सोडायचं नाही!

८ फेब्रुवारी, रविवार

बाहेरच्या खोलीत टेबल भिंतीला लावलं, सतरंजी गुंडाळली, फरशीवर बेचाळीस कागद मांडले. सात ओळी, प्रत्येकीत सहा. ताई दारातच थबकली.

‘‘हे काय? कुठल्या मुलखावर स्वारी आहे?’’

‘‘कोट आहे.’’

‘‘कोट? मला तर धरणाचा आराखडा वाटला.’’

चौथ्या ओळीतला तिसरा कागद सापडेना. अर्धा तास शोधला. ताई त्याच्यावरच बसली होती. वर म्हणाली, ‘‘मला वाटलं, पाहुण्यांसाठी ठेवलाय.’’

दुपारी भाची आली. मापं घेतली. हात मांडीवर, हनुवटी वर, अगदी ओळखपत्राच्या फोटोला बसतात तशी बसली होती. मापं वहीत दोनदा लिहिली, पुन्हा ताडून पाहिली. सुरेख काम झालं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

कापड घेण्याआधी जुन्या बेडशीटचा कोट शिवून बघायचा असतो. माझी बेडशीट गुलाबांची.

‘‘कोर्टात बाग घेऊन जाऊ?’’ भाची म्हणाली. पण मग कोट घातला. आरशात बघत राहिली. पोटावर फुगा नाही, पाठीखाली बोळा नाही, कॉलर मानेला लागून. ताईने तर टाळीच वाजवली.

‘‘थांब, पाणी पिऊन येते,’’ म्हणत भाचीने चाकांना हात घातला आणि — टर्र! पाठ दोन्ही खांद्यांपासून फाटली.

ती हसत सुटली. मला हसू येईना.

‘‘मामा, तू मला फोटोसाठी शिवलंस रे! मी हलते. दिवसभर हलते. बाईंनी काहीच लिहिलं नाहीये याबद्दल?’’

‘‘नाही. सगळ्या सूचना तीनदा वाचल्या.’’

तिने फोनवर फाइल उघडली. ‘‘हे काय, तिसऱ्या पानावर आहे की.’’

‘‘तिसरं पान मी छापलं नाही.’’

‘‘का?’’

‘‘मनोगत होतं.’’

मग तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं. आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. बसणाऱ्या माणसाचं माप तो स्वस्थ असताना घेऊ नका. हात चाकांवर ठेवायला सांगा, पुढे झुकून एक ढकल द्यायला सांगा, तिथेच थांबवा आणि मग पाठीला टेप लावा. खांद्यांमागच्या दोन घड्या शिवून बंद करू नका, त्या हातांबरोबर उघडण्यासाठीच आहेत.

मी दोन्ही घड्या पक्क्या शिवल्या होत्या. डबल टाका घालून!

‘‘छत्तीस वर्षांत किती लोकांची पाठ अशी फाडलीस रे मामा?’’

आकडा मोठा निघेल.

११ फेब्रुवारी, बुधवार

पहिली चार पानं छापून आणली. सावकाश वाचली. बाई चांगलं लिहितात. आभारसुद्धा वाचले.

पुन्हा मापं. या वेळी भाची वाकलेली, हात चाकांवर, मी मागे गुडघे टेकून. पाठ सात सेंटिमीटरनी वाढली. सात! एवढी जागा कमी असलेल्या कोटांत ती आजवर वावरत होती. ‘‘मला वाटायचं, कोट असतातच असे,’’ म्हणाली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

गुलाबांचा दुसरा कोट. खोलीला चार फेऱ्या, दारातून आत-बाहेर, वरच्या फळीवरून पुस्तक काढणं. घड्या उघडल्या, मिटल्या. एक टाका हलला नाही. बेडशीट संपली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

काळं कापड आणलं. पॅटर्नवर लिहिलंय एक मीटर चाळीस. दुकानदार ऐकेना. ‘‘कोट म्हटलं की सव्वादोन मीटर. मी काय आज दुकान उघडलंय?’’ वाद घातला नाही, घेतलं सव्वादोन.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते लिहायचं नव्हतं. पण लिहितो.

सकाळी बेतायला बसलो. पाठ, बाह्या, कॉलर, सगळं नीट. पुढचा एक भाग कापला. मग तोच कागद पुन्हा कापडावर ठेवला आणि दुसरा कापला. चहा घेतला. दोन्ही उचलून छातीशी धरले. दोन्ही डावे! कागद उलटा करायला विसरलो.

त्याच पावली दुकानात. त्या ठाणाचं कापड संपलेलं. दुकानदाराने दुसरं पुढे केलं, ‘‘काळं ते काळं, साहेब.’’ ट्यूबलाइटखाली दिसलंही तसंच. तुकडा घेऊन बाहेर उन्हात गेलो, तर आमचं तपकिरीकडे झुकणारं आणि त्याचं शाईसारखं निळसर. कोर्टात खिडक्या असतात. परत आलो.

भाचीला फोन केला. वाटलं, आता तरी चिडेल.

‘‘उरलेलं किती आहे?’’

‘‘उरलेलं कुठलं, सव्वादोन मीटर तर आणलं...’’

‘‘मामा. पॅटर्नला लागतं किती?’’

उरलेलं कापड खुर्चीच्या पाठीवर टाकलं होतं. फरशीवर पसरलं, कागद ठेवला, या वेळी उलटा. तिरकं, सरळ, पुन्हा तिरकं. कापडाचा उभा धागा सरळ ठेवून उजवा भाग बसला, आणि वर दोन बोटं जागा राहिली! दुकानदाराने उभ्या माणसाचं कापड गळ्यात मारलं म्हणून निभावलं.

कात्री उचलण्यापूर्वी ताईला बोलावलं. ‘‘हा उजवाच आहे ना?’’

‘‘आहे. आणि तुझा उजवा हात कुठला तेही सांगू का?’’

१६ फेब्रुवारी, सोमवार

सगळं जोडलं. अस्तर लावलं. बाही दोनदा उसवली. तिसऱ्यांदाही खांद्यावर बारीक चुण्या. चार दिवस उरले. काज माझ्या मशीनवर होत नाहीत, म्हणून मनाचा हिय्या करून टेलरमास्तरांकडे गेलो.

त्यांनी कोट उलटा केला, सुलटा केला. ‘‘मागे एवढा आखूड? कापड कमी पडलं का?’’

‘‘पाठीखाली कापड कशाला? गोळा व्हायला?’’

मास्तरांनी स्टूल ओढलं. स्टुलावर बसले. कोट मांडीवर धरून दोन्ही हात चाकं ढकलल्यासारखे पुढे नेले. एकदा, दोनदा. मग घड्यांत बोटं घालून पाहिली.

‘‘मॅडमना मी ताठ बसा म्हणत होतो,’’ म्हणाले. आवाज एकदम खाली.

मग चष्मा लावला आणि नेहमीच्या सुरात आले. ‘‘बाही कुणी लावलीय? तुम्ही? सोडा इथे. अशी बाही लावलेला कोट माझ्या दारातून बाहेर गेला, तर लोक मला हसतील.’’

दोन तास बसून बाह्या त्यांनी हाताने लावल्या. निघताना विचारलं, ‘‘ते कागद एकदा बघायला मिळतील का? अजून दोन गिऱ्हाइकं आहेत, खुर्चीतली. दोघांनाही मी ताठ बसायला सांगितलंय.’’

‘‘तुमच्यासाठी बाईंकडून वेगळी फाइल घेतो. पण पहिली चार पानं आधी वाचा.’’

१८ फेब्रुवारी, बुधवार

शेवटची ट्रायल. भाचीने जिन्यासमोरच्या लांब व्हरांड्यात गाडी पळवली, कोपऱ्यावर गर्रकन वळवली, फाइल उघडली, हात वर केला, टेबलावर आपटला. ‘‘माझ्या अशिलाचा छापखाना यांनी ज्या करारावर घेतला, तो मूळ करार हे दाखवत का नाहीत?’’ शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं.

कोट जागचा हलला नाही. म्हणजे नेमका तिच्याबरोबर हलला.

ताई म्हणाली, ‘‘किती छान दिसतेस गं!’’

‘‘आई, छान दिसणं नंतर. आधी ते दुसरं कलम ऐक, मला तिथे अडखळायला होतंय.’’

कोटाबद्दल मला काय म्हणाली? ‘‘आतला खिसा पेनाला खोल आहे.’’ बस, एवढंच. खिसा एक सेंटिमीटर वर घेतला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

इस्त्री केली. परत केली. मशीनला तेल घातलं. कपाट आवरलं. परत इस्त्री.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

हरली. अर्ज फेटाळला. दुपारी दोनला तिनेच कळवलं, सिनियरनी दुजोरा दिला.

ते म्हणाले, ‘‘पाऊण तास चाललं. न्यायाधीशांनी तिला चारदा मध्येच तोडलं. एकदा तर सरळ म्हणाले, मुद्द्यावर या, वकीलबाई! समोरचा वकील टेबल बडवत होता. ही त्याच्यावर आवाज चढवत होती. मला घड्याळ बघायची शुद्ध राहिली नाही.’’

भाची फोनवर वीस मिनिटं तावातावाने बोलली. न्यायाधीशांनी अमुक कलम वाचलंच नाही, तमुक निकालाचा अर्थ उलटा लावला, समोरचा माणूस धडधडीत खोटं बोलला. मला मध्ये एक शब्द घालता आला नाही. शेवटी मीच विचारलं, ‘‘आणि कोट?’’

‘‘कुठला कोट?’’ मग तिचंच लक्ष गेलं. ‘‘अरे, अजून अंगातच आहे की. मामा, ठेवते, अपिलाचा मसुदा करायचाय.’’

सोमवारी वरच्या कोर्टात अपील दाखल होईल, असं समजतं.