नऊ सेकंदांत विझलेली आग

होल्मवीक, १९ नोव्हेंबर १९७१

प्रिय गुनवोर,

तू आणि मुलं बरी असाल. इथे बर्फ सुरू झालाय, चाचणीच्या मैदानात रोज सकाळी खोऱ्याने वाट काढावी लागते. माझ्या गालावरचे फोड सुकले. तू मारलीस ती किटली उकळत्या कॉफीने भरलेली होती, त्यामुळे डाग राहणार म्हणतात. राहू दे.

हालडोरला पुरून आल्यावर तू सगळ्यांसमोर ओरडलीस, "त्या आग विझवायच्या सिलिंडरवर तुझा शिक्का होता, इंगवाल्ड! अख्खी पावडर मारूनही माझा नवरा बोटीच्या इंजिनाशेजारी जळून मेला!" आणि मी काय म्हणालो? "पावडर चांगली होती. हालडोर घाबरला असेल, लांबूनच उडवली असेल." मेलेल्या माणसावर ढकलून मोकळा झालो. आता धक्क्यावर सगळे तेच बोलतात. चौकशीवाल्यांनीही तेच लिहून घेतलं.

ती पावडर मार्चमध्ये आमच्या केंद्रात चाचणीला आली. पेट्रोलचा हौद तीनदा पेटवायचा, दोनदा तरी विझला पाहिजे, असा नियम. पहिल्यांदा आग उलटली आणि माझ्या भुवया घेऊन गेली. हाताखालची पोरं हसली. "म्हातारा झालास रे, इंगवाल्ड!" माझं डोकं फिरलं. पुढच्या दोन्ही वेळा वारा पाठीशी घेतला, गुडघ्यांवर बसून ज्वाळांच्या बुडाशी घुसलो आणि आग कोपऱ्यात रेटून मारली. बावीस वर्षं आगी विझवलेला हात आहे माझा. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मी मंजुरीचा शिक्का मारला. पास मी झालो होतो, पावडर नाही, गुनवोर. ते मला तेव्हाच कळत होतं.

परवा त्याच पावडरचे चार सिलिंडर काढले. तीन आमच्या खानावळीतल्या ब्योर्गहिल्डला दिले. बाई धडधाकट, कशाला भिणारी नाही. मी शेजारी पाण्याचा पाइप धरून उभा. तिन्ही वेळा आग दबली आणि पुन्हा तिच्या अंगावर आली. शेवटी तिची बाही पेटली, तिला बर्फात पाडून विझवावी लागली. उठली आणि खाडकन माझ्या थोबाडीत दिली. "हे बोटींवर ठेवता होय रे, मेल्या?"

चौथा सिलिंडर मी घेतला. नऊ सेकंदांत विझली. रिकामा सिलिंडर तसाच उचलून साहेबांकडे गेलो.

तीच पावडर अजून चारशे बोटींवर आहे. साहेब म्हणाले, "गप्प बस, केंद्र बंद पडेल." मी त्यांना गचांडी धरून भिंतीवर आपटलं, आणि तसाच चौकशीवाल्यांकडे जाऊन सगळं सहीनिशी लिहून दिलं. नोकरी गेली. खटला होईल.

हालडोर घाबरला नव्हता. सिलिंडर तळापर्यंत रिकामा होता आणि तो इंजिनाशेजारीच सापडला, म्हणजे शेवटपर्यंत तो आगीसमोर उभा राहिला. मुलांना हे माझ्या नावानिशी सांग.

रविवारच्या बोटीने येतोय. दार उघडावंसं वाटलं नाही तर नको उघडूस. उघडलंस आणि हातात किटली असली, तर या वेळी मी तोंडातून एक शब्द काढणार नाही.

तो शिक्का मारणारा,
तुझा भाऊ,
इंगवाल्ड